आतून कोरं लाकूड

चारही पेट्या पडवीत एका ओळीत मांडल्या होत्या. पहिलीवर नारळ ठेवला होता, चारींवरून झेंडूची एकच माळ नेली होती आणि प्रत्येकीच्या पुढच्या अंगाला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. होडी पाण्यात लोटायच्या दिवशी करतात तसं सगळं. बाहेरून पेट्या निळ्या होत्या, वरच्या कडेला पिवळी रेघ. रेघ इतकी सरळ होती की प्राप्तीला वाटलं, पट्टी धरून ओढली असावी. मग तिला आजोबांच्या हातातला ब्रश दिसला. गोमाजींनी चौऱ्याहत्तर वर्षांत कशालाच पट्टी धरली नव्हती.

"कशा हायेत गो?"

"सुंदर आहेत, आबा."

सुंदरच होत्या. पौषातलं ऊन शेवग्याच्या फुलांतून गाळून पडवीत येत होतं. फांदी हलली की निळ्या रंगावर कवडसे इकडून तिकडे सरकायचे, आणि मग पेट्याच हलल्यासारख्या वाटायच्या. प्राप्ती काही क्षण नुसती बघत राहिली. दोन वर्षं ती खडवलीच्या या दहा गुंठ्यांत मधमाशा आणायचं मनात घोळवत होती. झोप लागायच्या आधी रोज तिला इथली झाडं दिसायची, जांभूळ, करंज, शेवगा, आणि त्यांच्यामधल्या हवेत सोनेरी ठिपक्यांचा एक रस्ता. आज ऊन उतरल्यावर मुरबाडचे दगडूभाऊ सातेरी माशांच्या दोन वसाहती घेऊन येणार होते.

तिने पहिल्या पेटीचं झाकण उचललं.

आधी वास आला. ती अंबरनाथला रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. हा वास तिने डोळे मिटूनही ओळखला असता. पेटी आतून लाल होती. तळ, चारही भिंती, झाकणाची खालची बाजू, सगळीकडे विटेपेक्षा गडद, तुकतुकीत लाल.

"आधी काजूच्या टरफलांचं तेल पाजलं," आबा म्हणाले. "ते मुरलं, मग बुडाचा रंग. दोन हात. वीस वर्षं बघायला नको."

बुडाचा रंग म्हणजे होडीच्या पाण्याखालच्या भागाला लावायचा. त्यात तांबं असतं. ते हळूहळू सुटत राहतं, आणि म्हणून बुडाला शेवाळ धरत नाही, कालवं चिकटत नाहीत, लाकूड पोखरणारा किडा शिरत नाही. प्राप्तीला हे सगळं टक्केवारीसकट माहीत होतं.

दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला तिचा काका, संदेश, केव्हापासून गालात हसत होता. डोंबिवलीत किचनची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात तो सुतार होता. पेट्या त्याने केल्या होत्या, तिने पाठवलेल्या आराखड्यावरून.

"लाकूड ओळख," तो म्हणाला.

तिने फळीवरून बोट फिरवलं. रंगाखाली जुनी खिळ्यांची भोकं लागत होती, लाकडी खुंट्यांनी बुजवलेली.

"होडी?"

"बुडाची फळी. सगळ्यात चांगलं लाकूड. बा म्हणाला, पोरीच्या पेट्यांना तेच लाव."

पायरीवर कुणीतरी चप्पल काढता काढता थांबलं. प्राप्तीने मागे पाहिलं. तिचे वडील, दौलत, एक पाय चपलेत आणि एक बाहेर ठेवून उभे होते. दीड वर्षानंतर आज ते या घरी आले होते.

प्राप्तीने झाकण हळूच परत ठेवलं. आराखड्यात तिने सगळं मिलिमीटरमध्ये लिहिलं होतं. चौकटींमधली फट किती, एका माशीला जाता येईल एवढीच, तिच्याहून कमी नको, जास्तही नको. दार किती रुंद, तळ किती जाड. आतून काहीही लावू नये, एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं होतं. पेटीला आतून कोण रंग लावतं, असं तिला वाटलं होतं. ज्यांच्या घरी तीन पिढ्या लाकडाचं बूड आधी रंगवतात, त्यांना आपण पेटी सांगितली आहे, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

*

कळव्याच्या सातव्या मजल्यावरून दौलतला खाडी दिसायची. दाढी करताना तो रोज खिडकीत उभा राहायचा, आणि खाली चिखलात वडिलांची होडी कललेली असायची. मासळी संपली, बा आणि आई आईच्या माहेरच्या जागेत खडवलीला राहायला गेले, संदेशही त्यांच्याबरोबर गेला. होडी राहिली. दौलतला तिचं काही करायचं नव्हतं. ती तिथे असावी एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मग एका सकाळी तिथे नुसता तिचा आकार होता. माणूस उठून गेल्यावर गादीवर राहतो तसा. दुपारच्या भरतीने तोही पुसला. संदेशने टेम्पो आणून होडी तोडली, फळ्या नेल्या, आणि दौलतला ते शेजाऱ्याकडून कळलं.

"म्हणजे ही ती," तो आता म्हणाला. निळ्या पेटीला त्याने हात लावला नाही.

"ही ती," संदेश म्हणाला. "ये, बस. पाणी आणू?"

"तोडताना मला एक फोन करता आला नाही तुला?"

"दादा, आज नको."

"नाही, सांग ना. होडीत मी बसलेलो तुझ्या आधी आठ वर्षं."

"बसलेलास. आणि नंतर तीन वर्षं खिडकीतून बघितलीस. एकदा खाली उतरून पाणी उपसलंस तिच्यातलं? वरून बघायला काय, सगळ्यांनाच खाडी छान दिसते."

"फ्लॅटवर नको येऊस."

"मी कुठे येतो? तूच कधी बोलावत नाहीस."

गोमाजी ब्रश फडक्याला पुसत होते. दोन मुलं भांडताना ते नेहमीच काहीतरी पुसत असत. प्राप्तीला वाटलं, आपण गप्प राहिलो तर हे भांडण होडीवरच संपेल. दोघं दमतील, जेवायला बसतील. संध्याकाळी माशा येतील, लाल पेटीत जातील, आणि आठवड्याभरात पेटीच्या दारासमोर... तिने डोळ्यांपुढचं चित्र तिथेच थांबवलं.

"काका," ती म्हणाली. "या पेट्यांत माशा ठेवता येणार नाहीत."

संदेशने वळून पाहिलं. "माप चुकलं?"

"माप अगदी बरोबर आहे."

"मग?"

"आतला रंग. त्या आत राहतात, भिंती चाटूनपुसून साफ करतात, मेण लावतात, त्याच मेणात पिल्लं वाढतात. आतून लाकूड कोरं लागतं. काहीच नको. चूक माझी आहे, मी लिहायला हवं होतं."

"एवढंच ना? रंधा मारतो. दोन तासांत साफ."

"तेल मुरलंय, काका. आणि फळी बुडाची आहे. तीस वर्षं दर साली हाच रंग प्यायली आहे. किती खोल गेलाय, ते मोजल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

"आणि मोजायला?"

"महिना तरी."

दौलत हसला. मोठ्याने नाही, नाकातून. "घे. होडी पण गेली, पेटी पण गेली."

"तू हसायला आलायस?"

"बस झालं," गोमाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "रंगाला नावं ठेवू नका. रंग हाय म्हणून ती होडी तीस वर्षं पाण्यावर राहिली. नायतर तिसऱ्या साली चाळण झाली असती. पोरी, तू रंग बाटलीत बघतेस. मी तो पन्नास वर्षं लावलाय. तो काय करतो, ते मला नको शिकवू."

"नाही शिकवत, आबा."

ती खाली बसली, त्यांच्या पायांपाशी, लहानपणी बसायची तशी.

"चिंबोऱ्या जिवंत ठेवायला तुम्ही टोपली पाण्यात सोडायचात ना? बाजाराच्या दिवसापर्यंत?"

"सोडायचो. होडीच्या अंगाला बांधून."

"रंग नवा असताना?"

गोमाजींनी फडकं खाली ठेवलं.

"तेव्हा कुठे बांधायचात?"

शेवग्याचं एक फूल पडवीत येऊन पडलं. लांब पुलावरून गाडी गेल्याचा आवाज नदीवरून तरंगत आला आणि विरला.

"बांबूला," ते म्हणाले. "लांब. धारेच्या वरच्या अंगाला."

तिने का म्हणून विचारलं नाही. उत्तर त्यांनी स्वतःच दिलं, पेटीकडे बघत.

"मरतान."

मग त्यांनी नारळ उचलला, माळ काढली, आणि दोन्ही मांडीवर घेऊन बसले. नुकतं कुणी दिलेलं बाळ कसं धरावं हे कळत नसावं तसे.

*

प्राप्तीची आजी, आवडाबाई, आत भाकऱ्या थापत होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. पडवी आणि चुलीच्या मध्ये एक कुडाची भिंत होती, आणि त्या घरात कुणी काही लपवू शकत नव्हतं. होडी तोडायची ठरली तेव्हाही बोलणं याच कुडातून आलं होतं. दौलतला सांगा, असं तेव्हा त्या म्हणाल्या नाहीत. दीड वर्ष आवडाबाई त्या न म्हटलेल्या शब्दावर भाकरी भाजत होत्या.

होडी तोडून आणली त्या रात्रीपासून त्यांचा नवरा झोपेत हात हलवायचा. वल्ह्याचा नाही, ब्रशाचा. वरखाली, वरखाली. पेट्यांचं काम निघालं तसा तो हात थांबला होता. संध्याकाळी पेट्यांत जीव येणार, असं त्यांनी शेजारी चार घरी सांगितलं होतं. होडीत परत जीव येणार, असंच गोमाजी म्हणाले होते.

त्यांनी तवा उतरवला. कोपऱ्यात तांदळाची पेटी होती, शिवणीच्या लाकडाची, गुडघ्यापेक्षा उंच. जमिनीवर जुनं लुगडं पसरून त्या ओंजळीने तांदूळ काढू लागल्या. मग ओंजळ पुरेना, तेव्हा पातेल्याने.

"प्राप्ती," त्यांनी हाक मारली. "ये बाय, ही बघ चालते काय."

प्राप्ती आली आणि दारातच थांबली. पांढऱ्या ढिगाऱ्याशेजारी पेटी आ वासून रिकामी होती. तिने आत डोकं घातलं. जुन्या तांदळाचा गोड, कोरडा वास. लाकूड फिकट, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं.

"आजी, आतून कधी काही लावलं होतं?"

"खायची जिन्नस ठेवायच्या पेटीला कोण काय लावील?"

"किड्यांसाठी? बोरिक वगैरे?"

"माझी आई एरंडेलाचा हात लावायची तांदळाला. मी पण तेच."

"आणि बाहेरून? व्हार्निश, पॉलिश?"

"वारनिश," आवडाबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नात मला नव्हती वारनिश, पेटीला कुठली?"

प्राप्ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिने लाकडावर नाक टेकवलं, नखाने कड खरवडली, निघालेला भुसा उजेडात धरला. "ही चालेल," ती म्हणाली. "पण आजी, ही तुझ्या..."

"बापाने केलेली. ठाऊक हाय मला." आवडाबाईंनी पदर खोचला आणि पेटीचा एक कान धरला. "संदेश! दौलत! उचला ही. अंगणात न्या."

दोघं आले. पेटी बघून संदेशचा चेहरा पडला. "आई, ही नको. मी कारखान्यातून प्लाय आणतो."

"प्लायला गोंद असतो," प्राप्ती म्हणाली. "आणि तो कुठला ते..."

"ऐकलंस? हीच तोडायची." आवडाबाई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "फक्त या वेळी सगळ्यांच्या देखत तोडा. दौलत, तू धर. तो कापील. म्हणजे मग कुणी कुणाला बोलायला नको, की विचारलं नाय."

दौलतने भावाकडे पाहिलं नाही. वाकून त्याने पेटीचा दुसरा कान धरला.

*

दुपार लाकडाच्या भुशात गेली. तांदळाच्या पेटीच्या फळ्यांतून माशांच्या दोन पेट्या निघायच्या होत्या. संदेशने खिळे न तोडता सांधे मोकळे केले. त्याच्या आजोबांनी ते इतके घट्ट बसवले होते की प्रत्येक फळी सुटताना सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत होती. दौलत धरत होता.

"घट्ट धर. हलतंय."

"धरलंय."

"हे धरणं? साहेब लोकांचं धरणं."

"तू करवत चालव. तोंड नको."

थोड्या वेळाने दौलत म्हणाला, "डावीकडे जातेय." संदेशने बघितलं. जातच होती. त्याने करवत सरळ केली. आणखी दोन फळ्यांनंतर त्याने भावाच्या हातात पेन्सिल दिली, "खूण तूच कर, तुझी नजर बरी हाय," आणि दौलतने ती कानावर खोचली, जशी संदेश खोचायचा.

जांभळीखाली प्राप्ती आणि गोमाजी खांब रोवत होते. पेट्या त्यांच्यावर बसायच्या होत्या. पेट्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून.

"मग लाकूड राखायचं कसं?" गोमाजींनी विचारलं. मघाचा राग त्यात नव्हता, पण लाकडाला काही न लावता पावसात सोडणं त्यांना सहन होणारं नव्हतं.

तिने पिशवीतून बाटली काढली. "जवसाचं तेल. कच्चं. दुकानात मिळतं ते बहुतेक उकळलेलं असतं, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात, ते नको. हे गरम करून त्यात मेण विरघळवायचं. फक्त बाहेरून लावायचं. दोन पातळ हात."

"आण, लावतो."

"वाळायला तीन आठवडे लागतात, आबा. वास पूर्ण जायला हवा. या दोन पेट्या आज अशाच राहतील, वर छोटं छप्पर करून. दुसऱ्या दोन करू, त्यांना बाहेरून लावून वाळवून ठेवू. पावसाआधी माशा त्यांच्यात हलवू."

"म्हणजे आज कायच नाय."

"काहीच नाही."

ते बाटली उन्हात धरून बघत राहिले. तेल मधासारखंच दिसत होतं. "निळा तरी त्यांना आवडला असता?"

"निळा त्यांना छान दिसतो. पिवळाही. पाण्यात कालवायचा रंग असेल, पूर्ण वाळलेला, तर पुढच्या पेट्यांना बाहेरून रेघ ओढता येईल. प्रत्येक पेटीला वेगळी. त्यावरून त्या आपलं घर ओळखतात."

"आणि लाल?"

"लाल त्यांना दिसतच नाही. काळा दिसतो."

गोमाजींनी शेवग्याकडे, मग अंगणातल्या जास्वंदीकडे पाहिलं. एक एक लाल फूल मनातून विझवून बघत असावेत. "बिचाऱ्या," ते म्हणाले.

"पण एक रंग त्यांना दिसतो, जो आपल्याला दिसत नाही. फुलांवर त्याच्या रेघा असतात, मधाकडे जाणाऱ्या."

"कसा असतो?"

"मला माहीत नाही."

"तू शिकलीस ना?"

"तो आहे, एवढं मोजता येतं. कसा दिसतो ते कुणालाच माहीत नाही."

हे उत्तर त्यांना फार आवडलं. ते बराच वेळ हवेत बघत बसले, जिथे काहीच नव्हतं तिथे. मग म्हणाले, "आणि त्या चार? बंबात घालू?"

"नाही. त्यांचा धूरही वाईट. पुरायच्याही नाहीत, नदी जवळ आहे."

"जाळायच्या नाय, पुरायच्या नाय." गोमाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू म्हणावं इतकं नाही. "तुझा आजा गेल्यावर पण होडीचं काय करायचं ते ठरवत बसा."

*

दगडूभाऊ ऊन उतरायच्या वेळी आले. टेम्पोत दोन जाळीच्या पेट्या, वर ओलं गोणपाट. त्यांनी नव्या पेट्या उघडून आत हात फिरवला, हुंगलं, आणि पडवीतल्या निळ्या ओळीकडे मानेने खूण केली. "त्या शोभेच्या?"

"त्या घरच्या," आवडाबाई म्हणाल्या.

"बरं केलंत यात ठेवताय ते. एकाने दाराचा उरलेला ऑइलपेंट लावला होता आतून. तिसऱ्या दिवशी सगळ्या उडून गेल्या. थांबल्या त्या..." गोमाजींनी मान खाली घातली.

प्राप्तीने जाळी चेहऱ्यावर ओढली. दगडूभाऊंनी पहिली चौकट उचलली. तिच्यावर माशांचा थर होता, दाट, हलता, उजेड पिऊन तपकिरी झालेला. चौकट शिवणीच्या पेटीत उतरली. दोन्ही बाजूंना फट राहिली, एका माशीला जाता येईल एवढीच.

"कुणी हलू नका," ती जाळीआडून म्हणाली. "लांब बसा. अर्धा तास तरी."

बसायला अंगणात काही नव्हतं. भुसा, करवत, सुटे खिळे. संदेशने पडवीतून निळ्या पेट्या एक एक करून आणल्या, झाकणं घट्ट लावून, आणि शेवग्याखाली एकामागे एक ठेवल्या. दौलतने शेवटची उचलायला मदत केली. सकाळपासून त्याने त्यांना पहिल्यांदाच हात लावला होता.

तो पहिल्या पेटीवर बसला. संदेश तिच्या मागच्या. गोमाजी सगळ्यात शेवटी गेले, तिसरी पेटी मोकळी सोडून, चौथीवर बसले. तिघांचीही तोंडं माशांच्या दिशेला होती. कुणी जागा ठरवली नव्हती. दौलतने अर्धवट वळून मागे पाहिलं, आणि संदेश त्याच्याकडेच बघत होता, आणि दोघांनाही कळलं, आपण कुठे बसलो आहोत ते. पुढे थोरला, मग धाकटा, मागे सुकाणूवर बा. दौलतने कानावरची पेन्सिल काढून मागे दिली, आणि संदेशने ती घेतली.

समोर शेवटची चौकट उतरली. झाकण बसलं. दारातून पाच-सहा माशा बाहेर आल्या, पेटीकडे तोंड करून हवेत डावी-उजवीकडे झुलू लागल्या. त्या घर लक्षात ठेवतात अशा. कोऱ्या लाकडावर संध्याकाळ पडली होती, आणि पेटीचा रंग नेमका कोणता, ते त्या वेळी कुणालाच सांगता आलं नसतं. आतून गुणगुण सुरू झाली.

आवडाबाई हात पुसत अंगणात आल्या. मधली एक जागा मोकळी होती. त्या तिच्यापाशी येऊन थबकल्या. त्यांच्या सासरच्या बायका मासळी घेऊन बाजारात बसायच्या, होडीत नाही. पन्नास वर्षांत त्यांनी कुठल्याच होडीत पाय ठेवला नव्हता. कुणी कधी ये म्हणालं नव्हतं.

गोमाजींनी मागून हात पुढे केला. त्यांनी तो धरला, साडी आवरली, आणि बसल्या.

"मध्ये बस," गोमाजी हळू म्हणाले. "आता हलू नको."

त्या हलल्या नाहीत.